छोटी गाडी, राधानगरीच्या रात्री आणि हेडलाइटचा हिशेब

आधी निकाल सांगतो, मग खटला. माझ्या नव्या गाडीला कंपनीने दिलेले हॅलोजन हेडलाइट शहरात पुरतात, गावाकडच्या रात्रीला पुरत नाहीत. ते सुधारता येतात. त्यासाठी लोक जेवढा खर्च धरून चालतात त्याच्या निम्माही मला आला नाही, आणि त्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम फुकटात झालं. एलईडी बल्ब घेतले नाहीत. ते का, एवढंच ज्यांना वाचायचंय त्यांनी सरळ खाली, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या भिंतीच्या परिच्छेदापाशी जावं.

मी पशुवैद्यक आहे. राधानगरी तालुक्यात खासगी प्रॅक्टिस करतो. माणसांच्या डॉक्टरला रात्रीचे फोन कमी झालेत म्हणतात, आमचे तसेच आहेत. म्हैस अडते ती रात्रीच, व्यायल्यावर गाय आडवी होते तीही रात्रीच, आणि फोनवरचा माणूस "डॉक्टर, याल न्हवं?" एवढंच विचारतो. त्यामुळे माझं निम्मं ड्रायव्हिंग अंधारातलं, तेही मोठ्या रस्त्याचं कमी आणि वाड्या-वस्त्यांच्या वाटांचं जास्त.

गाडी चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, मधलं व्हेरिएंट. पेट्रोलवरच्या छोट्या गाडीचा कर आपल्याकडे याच दोन मापांवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि जुनी गाडी तोवर कशीबशी रेटत आणलेल्या माझ्यासारख्यांनी दसऱ्याला शोरूम गाठली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण वरच्या व्हेरिएंटला प्रोजेक्टर नाहीतर एलईडी आणि खालच्यांना हॅलोजन, ही या किमतीतली सर्रास रीत आहे. चांगले दिवे हवेत तर सोबत सनरूफ, मोठा स्क्रीन आणि गादीला शिवलेला लाल दोराही घ्या. नुसते दिवे द्या म्हटलं तर मिळत नाहीत. रात्री दोनला वस्तीवर जाताना सनरूफमधून मी काय बघणार?

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही, म्हणून थोडक्यात आटपतो. क्लच हलका आहे, वळणावर गाडी झुलत नाही, एसी चटकन गार करतो. डिकीत कृत्रिम रेतनाच्या वीर्यासाठीचं द्रवरूप नत्राचं भांडं, कॅल्शियमच्या बाटल्यांचं खोकं, सलाइन, दोर आणि दोन बादल्या बसून वर गमबूट ठेवायला जागा उरते. (नत्राचं भांडं गाडीत असलं की एक काच किंचित उघडी ठेवावी, हा सल्ला दिव्यांशी संबंधित नाही, पण महत्त्वाचा आहे.) चढाला तीन माणसं बसली की इंजिन कुरकुरतं. या किमतीत ते चालायचंच.

आता दिवे. शोरूममधून गाडी आणली तेव्हा गावात, पथदिव्यांखाली, काही जाणवलं नाही. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला आणि प्रश्न समोर उभा राहिला. अक्षरशः समोर. आमच्याकडे हंगामात रात्री रस्त्यावर काय असतं ते कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, मागे लाल दिवा असलाच तर त्याची वायर तुटलेली, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने लिंपलेला. चढावर ही वरात माणसाच्या चालीने जाते. त्यात एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच सोडलेली असते, मागे चार दगड लावून. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात.

पुढे दाजीपूरच्या बाजूला गेलं की गवे. अभयारण्यच गव्यांचं, १९५८ पासूनचं, त्यामुळे रस्ता त्यांचा आणि आपण पाहुणे हे मान्य करूनच जायचं. गव्याचं एक बरं आहे. गाय, म्हैस, गवा, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांत पडद्यामागे चकाकणारा एक थर असतो, तापेटम म्हणतात त्याला. प्रकाश त्यावरून परत फिरतो आणि लांबून दोन हिरवट-निळसर ठिपके दिसतात. रानडुकराला हा थर नसतो. डुकराच्या जातीलाच नसतो. त्यामुळे डुकराचे डोळे चमकतील म्हणून वाट बघत बसलात तर डुकराची पाठच बंपरवर दिसेल. आणि गावातली काळी म्हैस आपल्याकडे शेपूट करून उभी असली तर तिचे चमकणारे डोळेही कामाचे नाहीत. अशा वेळी उपयोगी पडतो तो फक्त रस्त्यावर पडलेला उजेड, आणि तो किती लांब पडलाय.

किती लांब हवा, याचं गणित साधं आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. मिळून पंचेचाळीस. ताशी ८० ला हाच हिशेब सत्तर मीटरच्या जवळ जातो. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर, माझा उजेड तीस मीटरच्या पलीकडे जात नव्हता. म्हणजे साठच्या वेगाला थांबायला जेवढं अंतर लागतं, तेवढंही मला दिसत नव्हतं. अप्परवर लांबचं दिसायचं, पण समोरून सतत मोटरसायकली असल्या तर अप्पर किती वेळ ठेवणार?

शोरूममध्ये विचारलं. तिथल्या पोराने नम्रपणे सांगितलं, "सर, या व्हेरिएंटला एवढाच येतो." वरच्या व्हेरिएंटचा आख्खा हेडलॅम्प बसेल का विचारलं तर भाव आला दोन बाजूंचा मिळून तीस हजारांच्या वर, शिवाय वायर जोडायचा कपलर वेगळा, वायरिंग वेगळं. बाहेरून काही बसवलं तर वॉरंटीचं काय? "इलेक्ट्रिकलची जाईल सर." कुठल्या भागाची, कुठल्या कलमाने, लिहून द्या म्हटलं. मॅनेजरला विचारून सांगतो म्हणाला. अजून विचारतोच आहे.

मग उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, मेस्त्री म्हणूनच सगळे ओळखतात. दुकान म्हणजे एक शटर, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, आत रिले-फ्यूज-होल्डरांनी भरलेले चहाच्या पत्र्याचे डबे. डब्यांवर चिठ्ठी नाही, पण मेस्त्रींचा हात बरोब्बर त्या डब्यात जातो. मी म्हटलं, उजेड वाढवायचाय. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "डॉक्टर, लाइट वाढवायची का लाइट बसवायची? दोन्ही कामं वेगळी हाईत."

हा सगळा लेख त्या एका प्रश्नाचा आहे म्हटलं तरी चालेल. उजेड किती आहे (तो वाढवणं) आणि उजेड कुठे पडतोय (तो जागेवर बसवणं), या दोन वेगळ्या गोष्टी. बाजारात विकली जाते ती पहिली. रस्त्यावर जीव वाचवते ती बहुतेक वेळा दुसरी.

माझ्या गाडीत एच४ जातीचा बल्ब आहे, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत असतो तोच. एका काचेत दोन तारा. अप्परची ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरवर असताना दिव्याच्या आतल्या चकचकीत आरशाचा, म्हणजे रिफ्लेक्टरचा, फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि उजेड खाली रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड तिरकी कापलेली असते, म्हणून झोताची वरची रेघ उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे थोडी वर चढते. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये आणि डाव्या कडेचा पादचारी, सायकलवाला, गटाराची कड लांबून दिसावी, अशी ती योजना. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी रेघ बिघडते. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण बल्ब हातात धरून ती वाटी नखाने दाखवणारा माणूस भेटला तेव्हा ते समजलं.

आता भिंत. मेस्त्रींच्या दुकानासमोर एका बंद फाउंड्रीची लांबलचक भिंत आहे, चुना उडालेली पण सपाट. दिवस मावळल्यावर त्यांनी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली, डाव्या दिव्यात माझाच हॅलोजन ठेवला आणि उजव्यात एलईडीचा बल्ब बसवला. डब्यावर २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं होतं. साध्या एच४ चा डिपर हजार ल्युमेनच्या आसपास असतो, तेव्हा तो आकडा वाचून मेस्त्रीच हसले.

दिवे लावले. एलईडी बघताक्षणी जास्त वाटला, खोटं कशाला बोलू. पांढराशुभ्र, भिंतीवरची जाहिरात वाचता येईल असा. मग मेस्त्री म्हणाले, "आता रेघ बघा." डावीकडे हॅलोजनची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी, वर अंधार, खाली उजेड. उजवीकडे रेघच नाही. उजेड भिंतीवर वर चढलेला, पत्र्याच्या छपरापर्यंत गेलेला, आणि खाली जिथे रस्त्याचं मधलं अंतर येतं तिथे दोन काळपट पट्टे. पुढचा पायाजवळचा भाग मात्र लख्ख. हीच फसवी जागा. गाडीच्या नाकापुढचे दहा मीटर लख्ख झाले की डोळ्याला बरं वाटतं, बाहुली बारीक होते आणि लांबचं आणखी कमी दिसतं.

मग त्यांनी मला भिंतीला पाठ लावून समोर उभं केलं. समोरून येणारा मोटरसायकलवाला जिथे असतो, तिथे. हॅलोजनकडे बघता येत होतं. एलईडीकडे बघवेना. गाडीतून जो उजेड वाढल्यासारखा वाटत होता, त्यातला बराचसा माझ्या डोळ्यांत येत होता, रस्त्यावर नव्हता. कारण सोपं आहे. हॅलोजनची तार चहूबाजूंनी प्रकाश देते. एलईडीच्या चकत्या एका चपट्या पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या असतात, मध्ये पट्टीची जाडी, मागे पंखा. कितीही नीट बनवला तरी तो त्या तारेच्या जागी तारेसारखा प्रकाश देत नाही, आणि रिफ्लेक्टरला तर तीच तार अपेक्षित आहे. कंपनीने मुळातच एलईडीसाठी आखलेला हेडलॅम्प असेल तर गोष्ट वेगळी, तो उत्तम असतो. हॅलोजनच्या घरात एलईडी भाडेकरू घुसवला की घोळ होतो. जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या अशा एका बदली एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण तीही गाडीच्या मॉडेलनुसार तपासून, ठरावीक यादीपुरती. आपल्याकडे डब्यावर सगळ्या गाड्यांची नावं असतात.

मेस्त्री स्वतः हा माल विकतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "गिऱ्हाईक मागतंय, मी ठेवतोय. पण तुम्ही इचारलंसा म्हणून दाखिवलं." एलईडीची जोडी मला विकून त्यांना जे सुटलं असतं ते माझ्या सगळ्या कामात मिळून सुटलं नसेल.

कायद्याची बाजूही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नाक्यावरचा पोलीस बल्ब काढून बघत नाही हे खरं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र बघतो.

आता प्रत्यक्ष केलं काय ते.

पहिलं, फुकटचं. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली. टायरांत हवा बरोबर, टाकी अर्धी, सीटवर मी स्वतः. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजली, अडुसष्ट सेंटिमीटर. नियमाचा उतार साधारण शंभराला एक, म्हणजे दहा मीटरवरच्या भिंतीवर झोताची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. तेवढी असली तर ती कड अडुसष्ट मीटरवर जमिनीला टेकते. माझ्या डाव्या दिव्याची रेघ बावीस सेंटिमीटर खाली होती. हिशेब करा, एकतीस मीटर. उजव्याची त्याहून खाली. नव्या कोऱ्या गाडीत! कारखान्यातून निघाल्यापासून माझ्यापर्यंत येताना कोणी भिंतीसमोर उभी केली नसावी, किंवा केली असली तर घाईत.

हेडलॅम्पच्या मागे बॉनेटखाली एक पांढरा प्लास्टिकचा स्क्रू असतो, लांब स्क्रूड्रायव्हरने फिरतो. मेस्त्रींनी एका दिव्यावर फडकं टाकलं, दुसरा लावला, खडूने भिंतीवर खूण केली आणि स्क्रू फिरवत रेघ खुणेवर आणली. मग दुसरा. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा चहात. कंपनीच्याच बल्बवर, एक पैसाही न घालता, परतीच्या वाटेवर परितेच्या अलीकडे उसाची ट्रॉली मला पूर्वी दिसायची त्याच्या दुप्पट अंतरावरून दिसली. हे काम कुठलाही सर्व्हिस सेंटर करून देऊ शकतो, मागितलं तर. मागत कोणी नाही.

याच्याच जोडीला डॅशबोर्डवरची छोटी चकती, ० ते ३ आकड्यांची. लोक तिला एसीची समजतात की काय कोण जाणे, हात लावत नाहीत. मागे वजन पडलं की गाडीचं ढुंगण खाली बसतं, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वजन वाढेल तसा आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. नत्राचं भांडं आणि बाटल्यांचं खोकं असलं की मी १ वर ठेवतो, मागे तिघं बसले की २ वर. रिकाम्या गाडीत लोक ही चकती ३ वर ठेवून "लाइट कमी आहे" म्हणत फिरताना मी पाहिलेत.

दुसरं, रिले किट. रिले म्हणजे छोट्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडणारा स्विच. मेस्त्रींनी मीटर लावून दाखवलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या वर व्होल्ट, आणि बल्बच्या पायाशी १२.९. मधले कुठे गेले? स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक वायरमधून, जोडांमधून येता येता झिजले. तारेचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात कमी होत नाही, फार वेगाने पडतो; ढोबळ नियम असा की व्होल्टेज पाच टक्के घसरला तर उजेड पंधरा-सोळा टक्के जातो. रिले किटमध्ये जुन्या वायरीने फक्त इशारा द्यायचा, आणि बल्बला लागणारी वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून, जाड वायरीने आणायची. किटचा कपलर गाडीच्या कपलरात बसतो, एकही वायर कापावी लागत नाही. उद्या काढून ठेवली तर गाडी पूर्वीसारखी. बसवल्यावर बल्बपाशी १३.८ आले. कागदावर पाव पट उजेड वाढला, आणि डोळ्यालाही तो पिवळट मंदपणा गेलेला कळतो. मजुरीसकट बाराशे रुपये. रिले कुठे बसवतात ते बघा. माझे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला), तोंड खाली करून, पाणी न पोचेल असे बसवलेत. काही दुकानांत ते बॅटरीच्या कडेला झिपटायने लोंबकळत सोडतात, पहिल्या पावसाळ्यात गंजतात.

याची किंमत एकच, बल्बचं आयुष्य. व्होल्टेज पाच टक्के वाढला की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून डॅशबोर्डच्या खणात एक जादा बल्ब कायम.

तिसरं, बल्ब. ओसरामच्या नाइट ब्रेकर मालिकेतले घेतले, जोडी दोन हजारांच्या आत. वॅट तेवढेच, ६०/५५. फरक असा की तार जास्त घट्ट वळलेली आणि जास्त तापणारी असते, त्यामुळे झोताचा गाभा उजळतो. डब्यावरच्या १३०-१५० टक्क्यांना भुलू नका. ती तुलना कायद्याने सांगितलेल्या किमान उजेडाशी असते, तुमच्या आताच्या बल्बशी नव्हे, आणि रस्त्याच्या एका विशिष्ट पट्ट्यापुरती. प्रत्यक्षात बदल आहे, पण रिलेएवढा नाही आणि रेघ बसवण्याच्या तर जवळपासही नाही. पैसे एकाच कामाला असतील तर बल्ब शेवटी घ्या. हे बल्ब लवकर जातात, तेही लक्षात घ्या.

बसवताना काचेला बोट लावू नये, बोटाचा तेलकटपणा काचेला खातो. मेस्त्री स्वच्छ फडकं शोधायला लागले. मी डिकीतून कृत्रिम रेतन करताना घालायचा खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा काढून दिला. तो घालून त्यांनी दोन्ही बल्ब बसवले आणि शेजारच्या गॅरेजमधली पोरं ते बघायला जमली. उरलेले हातमोजे त्यांनी ठेवून घेतले.

१००/९० वॅटचा बल्बही लोक सुचवतील. आमच्याकडे जीपवाल्यांचा तो नादच आहे. ५५ च्या जागी ९० वॅट म्हणजे एका दिव्याला साडेचार अँपियरच्या ठिकाणी साडेसात. मूळ वायरीवर लावला तर होल्डर वितळतो, हे मी मेस्त्रींच्या एका डब्यात बघितलंय. तो डबाच वितळलेल्या होल्डरांचा आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला. जाड वायर घातली तरी आतली रिफ्लेक्टरची चमक उष्णतेने उडते, आणि हल्लीचे हेडलॅम्प काचेचे नाहीत, पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे प्लास्टिकचे आहेत. शिवाय हा बल्ब रस्त्यासाठी मान्य नाही.

सगळं होऊन आता दिसतं कसं? साठच्या वेगाला डिपरवर निवांत, सत्तरला सावध, ऐंशीला मी अजूनही डिपरवर जात नाही, गणित तेच सांगतं. डाव्या कडेची चढलेली रेघ आता खरी कामाला येते. सरवडेच्या पुढे कडेने चालणारी माणसं, मोटरसायकलच्या मागे बांधलेली वैरण, सगळं अंगावर यायच्या आत दिसतं. अप्परवर उजेड लांब जातो, पण मधोमध. घाटातल्या वळणावर तो दरीला दिसतो, रस्त्याला नाही. वळणाकडे वळणारा दिवा या किमतीत कुठेच नाही, म्हणून तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय. आणि काच. समोरची काच आतून पुसा. एसीमुळे आणि नव्या गाडीच्या प्लास्टिकमुळे आतून एक तेलकट थर धरतो, समोरून दिवा आला की तो सगळा पेटतो. ओल्या कागदाने पुसली तर निम्मी झगमग तिथेच जाते.

काही कुरबुरी आहेतच. रिलेचा टक आवाज आत ऐकू येतो, बायकोला तो आवडत नाही. उजव्या हेडलॅम्पमागे बॅटरी इतकी चिकटून आहे की बल्ब बदलायला मनगट वाकवून हात घालावा लागतो. मला त्याची सवय आहे, अडलेल्या म्हशीत याहून अवघड कोनात हात घातलाय. इतरांनी मात्र दिवसा, थंड इंजिनवर एकदा करून बघावं.

राहिले फॉग लॅम्प. या व्हेरिएंटला बंपरमध्ये जागा आहे, दिवे नाहीत, काळी झाकणं लावलेली आहेत. दाजीपूर ते फोंडा घाट पावसाळ्यात चार महिने ढगात असतो, तिथे हेडलाइट कितीही सुधारले तरी धुक्याची पांढरी भिंतच उजळते. पिवळ्या रंगाने धुकं फाटतं असं लोक म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की रंगाने तसा फरक पडत नाही. पिवळा डोळ्याला सौम्य लागतो, एवढं खरं. फॉग लॅम्पचा फायदा त्याच्या जागेचा आणि आकाराचा. खाली बसवलेला, झोत आडवा, पसरट आणि वरून कापलेला, त्यामुळे धुक्याखालची पांढरी पट्टी आणि रस्त्याची कड सापडते. शोरूमने कंपनीचा फॉग लॅम्प संच साडेनऊ हजार सांगितलाय, स्विच आणि वायरिंगसकट. मेस्त्री तोच कंपनीचा संच बाहेरून आणून साडेसहात बसवून देतो म्हणतात, एप्रिलमध्ये गाडी घेऊन या, हंगाम संपला की ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी हटते. त्यांच्याकडे हंगामात ट्रॅक्टर येतात ते मागचा लाल दिवा लावायला नव्हे, गाणी लावायचा साउंड दुरुस्त करायला.